बॅटरीत लपलेली किल्ली

आज पीएसपीची, म्हणजे प्लेस्टेशन पोर्टेबलची गोष्ट. सोनीने तो डिसेंबर 2004 मध्ये जपानात आणला आणि लवकरच हौशी प्रोग्रामर त्यात स्वतःचं फर्मवेअर टाकू लागले. पण फर्मवेअर लिहिलं जात असताना मध्येच चार्जिंग संपलं, की पीएसपीची ‘ब्रिक’ व्हायची, म्हणजे चक्क वीट! दुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवायचं तर यंत्र आधी सुरू व्हायला हवं, आणि ते तर होतच नाही.

ऑगस्ट 2007 मध्ये ‘पँडोरा बॅटरी’ने हा पेच सोडवला. पीएसपी सुरू होताना बॅटरीचा सिरीयल नंबर वाचतो. त्या नंबरचे 32 च्या 32 बिट 1 असले, की तो सर्व्हिस मोडमध्ये जातो आणि आतल्या मेमरीऐवजी मेमरी स्टिकवरून बूट होतो. मग नवं फर्मवेअर लिहायचं, की वीट पुन्हा जिवंत! ही वाट मुळात सोनीच्या दुरुस्ती केंद्रांसाठी होती. हौशी लोकांनी ती शोधून काढली.

2008 च्या पीएसपी-3000 वर मात्र ही बॅटरी चालेना. याच किल्लीने पायरेटेड गेमांचंही दार उघडत होतं, हे खरं. पण ते बंद झालं, तेव्हा स्वतःचं बंद पडलेलं यंत्र घरी दुरुस्त करणाराही बाहेरच राहिला.