कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३

कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ हा कामावरील अपघातात जखमी झालेल्या कामगारास, अथवा तो मृत्यू पावल्यास त्याच्या अवलंबितांस, मालकाकडून भरपाई मिळवून देणारा भारतीय कायदा होता. तो १ जुलै १९२४ रोजी अंमलात आला. २००९ च्या दुरुस्तीने त्याच्या नावात ‘कामगार’ऐवजी ‘कर्मचारी’ हा शब्द आला.

तरतुदी

भरपाईसाठी मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नसे. अपघात नोकरीमुळे व नोकरीच्या ओघात घडणे पुरेसे होते. कामगार मद्याच्या अमलाखाली होता किंवा त्याने सुरक्षा साधन हेतुपुरस्सर काढले, हा बचाव मालकास घेता येई. परंतु मृत्यू अथवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास तो चालत नसे. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणून भरपाई काढीत. ही रक्कम आयुक्तांकडेच जमा करावी लागे, त्यामुळे विधवा व मुले यांचा वाटा सुरक्षित राही. ठेकेदाराच्या मजुरांची जबाबदारी मूळ मालकावरही होती. हक्क सोडल्याचा लेखी करारसुद्धा निरर्थक ठरे. दाव्याची मुदत सामान्यतः २ वर्षे होती. कर्मचारी राज्य विमा योजनेत समाविष्ट असलेल्यांना भरपाईऐवजी त्या योजनेचे लाभ मिळत.

सद्यस्थिती

या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० च्या सातव्या प्रकरणात समाविष्ट झाल्या आहेत. घर व कामाचे ठिकाण यांदरम्यानच्या प्रवासातील, नोकरीशी संबंध प्रस्थापित होणाऱ्या अपघातांचाही त्यात विचार केला आहे.