शिंदेशाहीचे बक्षी : जिवबादादा केरकर

ग्वाल्हेरच्या शिंदेशाहीचा इतिहास वाचताना आपणा महाजन मंडळींस एका नावापाशी थांबावेसे वाटते. जिवबादादा केरकर यांचे मूळ गाव पेडणे महालातील केरी, तेरेखोल किल्ल्याच्या समोरचे. या शेणवी कुळातील पुरुष महादजी शिंद्यांच्या फौजेचा बक्षी झाला. बक्षी म्हणजे केवळ पगार वाटणारा कारकून नव्हे. प्रसंगी रणांगणावर फौजही त्यानेच चालवावयाची. महादजी १७९४ मध्ये वानवडीस वारले. पुढील वर्षी, ११ मार्च रोजी, खर्ड्यास निजामाविरुद्ध शिंद्यांची फौज जिवबादादांच्या हुकमतीखाली लढली. १७९६ मध्ये ते निवर्तले.

दुर्दैव ओढवले ते पुत्रावर. महादजींच्या विधवा बायांच्या तंट्यात शेणवी सरदार बायांच्या बाजूस उभे राहिले, आणि दौलतरावांच्या दरबारी त्यांच्याविषयी वैरभाव वाढला. १८०० च्या सुमारास सर्जेराव घाटग्याने नारायणराव बक्षींच्या अंगास दारूचे बाण बांधून ते पेटविले. ज्याच्या बापाने दौलतीसाठी तलवार धरली, त्याची ही गत! बाळोबातात्या पागनीस, तेही शेणवीच, नगरच्या कैदेत मरण पावले. पुढे दहा वर्षांनी दौलतरावांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि तिचेच लष्कर शहर झाले. ते पाहावयास हे बापलेक नव्हते.