कुमारवयीनांमधील आत्महत्या व तिचा प्रतिबंध

कुमारावस्थेतील मानसिक ताण, अवसाद आणि आत्महत्या यांच्या आकलनाचा व प्रतिबंधक उपायांचा इतिहास. कुमारवयीनांच्या आत्महत्येकडे दीर्घकाळ पाप, गुन्हा किंवा भावनातिरेक म्हणून पाहिले गेले. तिच्यामागे ओळखता येणारी व उपचार होऊ शकणारी मानसिक अवस्था असते, हा विचार मुख्यतः विसाव्या शतकात रुजला.

गटे (१७४९–१८३२) याची वेर्थरवरील कादंबरी १७७४ मध्ये प्रसिद्ध झाली. नायकाच्या आत्महत्येचे तरुण वाचक अनुकरण करतील, या भीतीने लाइपसिक येथे तिच्यावर बंदी घालण्यात आली. अशा अनुकरणास डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये ‘वेर्थर परिणाम’ ही संज्ञा दिली. एमील द्यूरकेम (१८५८–१९१७) याने १८९७ मध्ये आत्महत्येची सामाजिक मीमांसा केली व व्यक्तीचे समाजाशी असलेले बंध सैल झाले, की हा धोका वाढतो, असे दाखविले. तथापि कुमारवयाचा स्वतंत्र विचार त्यात फारसा नव्हता. स्टॅन्ली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९०४ मधील द्विखंडात्मक ग्रंथामुळे कुमारावस्था हा स्वतंत्र अभ्यासविषय झाला.

शाळा व विद्यार्थी : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनभाषी प्रदेशांत शालेय विद्यार्थ्यांच्या आत्महत्या हा सार्वजनिक चिंतेचा विषय बनला. कठोर शिस्त आणि परीक्षेचे भय यांवर टीका होऊ लागली. व्हेडेकिंट याचे नाटक (१८९१) व हेर्मान हेस याची कादंबरी (१९०६) यांतही तिचे पडसाद उमटले. १९१० मध्ये व्हिएन्ना येथील मनोविश्लेषण मंडळाने या विषयावर चर्चासत्र भरविले. आल्फ्रेट आड्लर (१८७०–१९३७) याने न्यूनत्वभावनेवर भर दिला. सिग्मंड फ्रॉइड (१८५६–१९३९) याचे म्हणणे असे, की विद्यार्थ्याला आत्महत्येकडे न ढकलणे एवढ्यावरच शाळेचे कर्तव्य संपत नाही. घराशी असलेले बंध सैल होण्याच्या वयात तिने त्याला जगण्याची ओढ व आधारही दिला पाहिजे. हा मुद्दा आजही महत्त्वाचा आहे.

ताण व अवसाद : हान्स सेल्ये (१९०७–८२) याने १९३६ मध्ये ताणाला शरीर देत असलेल्या सर्वसामान्य प्रतिसादाचे वर्णन केले. मर्यादित ताण हानिकारक नसतो. मात्र तो दीर्घकाळ टिकला आणि आधार मिळाला नाही, तर धोका वाढतो. मुलांना खरा अवसाद होऊच शकत नाही, असे अनेक मनोविश्लेषक मानीत. १९७१ मधील स्टॉकहोम येथील यूरोपीय बालमनोविकारतज्ञांच्या परिषदेनंतर हे मत मागे पडले. कुमारवयात अवसाद नेहमी खिन्नतेच्या रूपाने दिसत नाही. चिडचिड, एकलकोंडेपणा, झोपेतील बदल, अभ्यासातील घसरण व आवडत्या गोष्टींविषयी अनास्था अशी लक्षणे आढळतात. ‘वयामुळे असे होते’ म्हणून त्यांकडे दुर्लक्ष होणे, हाच मोठा धोका होय.

प्रतिबंध : चॅड व्हारा (१९११–२००७) या इंग्रज धर्मोपदेशकाने १९३५ मध्ये एका मुलीचा अंत्यविधी केला. ऋतुप्राप्तीला रोग समजून तिने जीव दिला होता. एका शब्दाच्या माहितीने ती वाचली असती, ही जाणीव त्याच्या मनात राहिली. १९५३ मध्ये त्याने लंडन येथे दूरध्वनीवरून आधार देणारी ‘समॅरिटन्स’ ही सेवा सुरू केली. १९५८ मध्ये श्नाइडमन, फार्बरो व लिटमन यांनी लॉस अँजेल्स येथे आत्महत्या-प्रतिबंध केंद्र स्थापन केले. आत्महत्येविषयी विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा समज संशोधनाने खोडून काढला. आपुलकीने व स्पष्टपणे विचारणे बहुधा दिलासा देते. यूरोपातील दहा देशांतील सु. ११,००० विद्यार्थ्यांवरील पाहणीत (२०१५) मानसिक आरोग्याविषयीच्या वर्गचर्चांमुळे आत्महत्येचे प्रयत्न कमी झाल्याचे आढळले.

भारत : १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३०९ व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा होता. त्यामुळे अनेक कुटुंबे असा प्रयत्न लपवीत व उपचार टळत. १९८६ मध्ये डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी चेन्नई (त्यावेळचे मद्रास) येथे ‘स्नेहा’ ही संस्था स्थापन केली. मानसिक आरोग्य अधिनियम, २०१७ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असे गृहीत धरले जाते व तिला साहाय्य देणे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ३०९ व्या कलमासारखी सर्वसाधारण तरतूद नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशातील १,७०,९२४ आत्महत्यांपैकी १३,०४४ विद्यार्थ्यांच्या होत्या. त्याच वर्षी राष्ट्रीय प्रतिबंध धोरण जाहीर झाले. २०३० पर्यंत आत्महत्येचे प्रमाण १० टक्क्यांनी घटविणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही (क्र. १४४१६) २०२२ मध्येच सुरू झाली. महाराष्ट्रात दहावीच्या अनुत्तीर्ण विद्यार्थ्यांसाठी २०१५ पासून जुलैमध्ये फेरपरीक्षा घेतली जाऊ लागली. त्यामुळे एका निकालाने वर्ष वाया जाण्याचे भय काहीसे कमी झाले.

आत्महत्येला एकच कारण क्वचितच असते. परीक्षेतील अपयश हे बहुधा शेवटचे निमित्त असते. ही प्रबळ इच्छा पुष्कळदा अल्पकाळच टिकते. त्या काळात विश्वासाचे माणूस जवळ असणे व वेळीच वैद्यकीय साहाय्य मिळणे, यांवर कुमारवयीनाचा जीव अवलंबून असतो.