गोडव्याचा ताळेबंद : मॉरिशस व मालदीव यांच्या साखर-पुरवठ्याचा तौलनिक इतिहास

मराठीतील ‘साखर’, उर्दूतील ‘शकर’ आणि मालदीवच्या दिवेही भाषेतील ‘हकुरु’ हे तिन्ही शब्द ‘शर्करा’ या एकाच मुळाशी जाऊन मिळतात. शब्दांचे कूळ एक असले तरी वस्तू मात्र एक नाही. हकुरु उसापासून होत नाही. तो माडाच्या रसापासून होतो. हिंदी महासागरातील दोन लहान राष्ट्रांच्या इतिहासातील फरक या एका शब्दात सामावलेला आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत मॉरिशस आणि मालदीव ‘लहान द्वीपराष्ट्रे’ या एकाच सदरात येतात. त्यांचा साखर-पुरवठा मात्र परस्परविरुद्ध वाटांनी घडला. त्या वाटांचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मॉरिशस : परक्या बाजारासाठी पीक

मॉरिशसमध्ये ऊस मूळचा नाही. डच वसाहतवाल्यांनी तो 1639 मध्ये बटाव्हियाहून आणला. फ्रेंच अमलात गव्हर्नर लाबुर्दोने याने 1740 च्या दशकात साखर कारखान्यास चालना दिली. 1810 मध्ये बेट इंग्रजांच्या ताब्यात गेले. 1825 मध्ये इंग्लंडने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडिजच्या साखरेइतकीच केली आणि मग ऊस सर्व बेटावर पसरला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे अडीचशेच्या आसपास कारखाने होते.

या साखरेची किंमत माणसांनी मोजली. 1835 मध्ये गुलामगिरी संपली. पण त्याआधीच, 1834 पासून, हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यास सुरुवात झाली होती. पुढील सात-आठ दशकांत सुमारे साडेचार लाख माणसे गेली. बिहारी व तमिळ मजुरांबरोबर मुंबई बंदरातून रत्नागिरीकडील मराठी कुटुंबेही गेली. ते मजूर ज्या धक्क्यावर उतरले, त्या आप्रवासी घाटाची 2006 मध्ये जागतिक वारसा यादीत नोंद झाली. विसंगती अशी, की बेटावर साखरेच्या राशी पडत आणि त्या पिकवणाऱ्यांचा तांदूळ व डाळ जहाजाने बाहेरून येई.

1973 मध्ये उत्पादन 7,18,000 टनांवर पोहोचले. त्या वेळच्या लोकसंख्येस ते माणशी पाऊण टनाहून अधिक पडते. अर्थात ही साखर खाण्यासाठी नव्हती, विकण्यासाठी होती. 1975 च्या लोमे करारातील साखर-मसुद्यानुसार मॉरिशसला युरोपात हमीभावाने सुमारे पाच लाख टन साखर विकता येई. युरोपीय संघाने 2006 पासून हा भाव टप्प्याटप्प्याने 36 टक्क्यांनी उतरवला आणि 2009 मध्ये मसुदाही संपुष्टात आला. 2020 नंतर उत्पादन तीन लाख टनांच्या खाली आहे आणि कारखाने तीनच उरले आहेत.

मालदीव : माडापासून जहाजापर्यंत

सुमारे 300 चौ. कि.मी. जमीन, तीही बाराशेच्या आसपास प्रवाळबेटांत विखुरलेली. तेथे उसाचे मळे शक्यच नव्हते. इब्न बतूता 1343-44 मध्ये तेथे काझी होता. नारळापासून दूध, तेल व मध करतात, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवले आहे. हा ‘मध’ म्हणजे माडाचा गोड पाक होय. माडावर चढून रस काढणाऱ्यास तेथे ‘रावेरी’ म्हणतात. रस आटवला की प्रथम काकवीसारखा ‘दिया हकुरु’ व पुढे घट्ट ‘करु हकुरु’ तयार होतो. गोव्यातील वाचकांस रेंदेर आणि माडाचा गूळ यांची आठवण येथे सहज होईल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या बोहरा व्यापाऱ्यांनी मालेत पेढ्या उघडल्या आणि बाहेरच्या मालाची सवय वाढली. या परावलंबनाचा धोका दुसऱ्या महायुद्धात दिसला. जहाजे थांबली आणि बेटांवर उपासमार झाली. रस काढण्याचे काम कष्टाचे आहे. दिवसातून दोनदा माडावर चढावे लागते. स्वस्त आयात साखरेपुढे ते मागे पडले.

1981 च्या द्विपक्षीय करारानुसार भारत मालदीवला तांदूळ, कणीक, साखर इ. जिन्नस ठरलेल्या मर्यादेत पुरवतो. 2024-25 साठी साखरेची मर्यादा 64,494 टन होती. एरवी साखर-निर्यातीवर निर्बंध असतानाही या कोट्यास सूट होती.

आकडे वाचताना

2022 च्या जनगणनेत मालदीवची लोकसंख्या 5,15,132 होती. वरील मर्यादा तिने भागली तर माणशी वर्षाला सुमारे 125 किलो, म्हणजे दिवसाला 340 ग्रॅमच्या आसपास साखर येते. एवढी साखर कोणी खात नाही. कोटा ही कमाल मर्यादा असते, प्रत्यक्ष आयात नव्हे. शिवाय 2024 मध्ये तेथे 20 लाखांहून अधिक पर्यटक आले. तेही त्याच पुरवठ्यावर जेवले. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या अन्न-ताळेबंदातही उत्पादन अधिक आयात, वजा निर्यात, नासाडी व अन्य वापर अशा रीतीने ‘पुरवठा’ काढला जातो. कोणाच्या ताटात किती पडले हे त्यावरून कळत नाही. घरी आटवलेला हकुरु तर अशा कोष्टकात येणेच कठीण. म्हणून विद्यार्थ्यांसमोर असे कोष्टक ठेवताना ‘पुरवठा’ आणि ‘सेवन’ यांतील भेद प्रथम सांगितला पाहिजे.

समारोप

मॉरिशसने साखर पिकवली, पण तिचा भाव परक्यांनी ठरवला. मालदीवजवळ स्वतःचा गोडवा होता. तो मागे पडून साखर जहाजावर अवलंबून राहिली. आज दोघेही एकाच चिंतेशी येऊन थांबले आहेत. मॉरिशसमध्ये प्रौढांपैकी पाचांत सुमारे एकाला मधुमेह आहे. शीतपेयांतील साखरेवर तेथे 2013 पासून कर आहे, तर मालदीवने 2017 मध्ये अशा पेयांवरील आयात शुल्क वाढवले. ज्या समाजाने साखर पिकवली आणि ज्याने ती विकत घेतली, त्या दोहोंना तिचा हिशेब अखेर आरोग्याच्या वहीत मांडावा लागला.