दंतवैद्याची व्यथा आणि मित्राचे मौन

दातांवरील उपचारांतील वेदना ज्यांच्यामुळे शमली, त्यांपैकी दोघे पुरुष वेदना शमविणाऱ्या द्रव्यांच्याच आहारी गेले. आणि व्यसनात वा मनोविकारात सापडलेल्या वैद्याने अब्रू व सनद न गमावता कोणाच्या दारी जावे, या प्रश्नाचा इतिहास त्या दोघांच्या भिन्न गतींपासून सुरू करावा लागतो.

कनेक्टिकटमधील हार्टफर्ड येथे 10 डिसेंबर 1844 रोजी कोल्टन नामक गृहस्थाने हास्यवायूचे जाहीर प्रयोग केले, तेव्हा त्या वायूच्या अमलाखाली एका इसमाच्या पायाला इजा झाली तरी त्याला तिची जाणीवही नव्हती, हे होरेस वेल्स या तरुण दंतवैद्याने पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी तोच वायू हुंगून स्वतःची दाढ एका सहव्यावसायिकाकडून उपटून घेतली. वेदना झाली नाही. परंतु पुढील महिन्यात बॉस्टन येथे केलेला प्रयोग फसला, प्रेक्षकांनी हुर्यो उडविली, आणि 1846 मध्ये त्याचाच एके काळचा शिष्य मॉर्टन ईथरचा प्रयोग यशस्वी करून कीर्तीचा धनी झाला. पुढे क्लोरोफॉर्म प्रचारात येताच वेल्स ते स्वतःवर अजमावू लागला. आणि 21 जानेवारी 1848 रोजी, ऐन तेहतिसाव्या वाढदिवशी, क्लोरोफॉर्मच्या अमलात न्यूयॉर्कच्या रस्त्यावर स्त्रियांवर तेजाब फेकल्यामुळे त्याची रवानगी तुरुंगात झाली. शुद्धीवर आल्यावर आपले कृत्य त्याला असह्य झाले, आणि तेथेच त्याने जीवनाचा अंत करून घेतला. भूल देण्याच्या शोधाचे श्रेय पॅरिसच्या वैद्यकीय मंडळाने त्याला दिल्याचे वृत्त पोहोचले, ते त्याच्या मृत्यूनंतर. ज्याला रुग्ण म्हणून हाती धरावयास हवे होते, तो सरकारदप्तरी आरोपी म्हणूनच नोंदला गेला.

दुसरा, विल्यम हॉल्स्टेड, हा शल्यवैद्य; पण खालच्या जबड्याच्या मज्जातंतूपाशी औषध टोचून दात बधिर करण्याची जी रीत आजही दंतवैद्य अनुसरतात, तिचा पाया 1884-85 मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी एकमेकांना कोकेनच्या सुया टोचूनच घातला. कोकेनची चटक किती भयंकर हे तोवर फारसे कोणास ठाऊक नव्हते. ती त्यांना लागली. हॉल्स्टेडचा स्नेही विल्यम वेल्च याने प्रथम त्याला सागरी प्रवासास नेले, पुढे प्रॉव्हिडन्सच्या मनोरुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले, आणि मग बॉल्टिमोरच्या आपल्या प्रयोगशाळेत त्याला आश्रय देऊन वेल्चने त्याच्या सामर्थ्याला पुन्हा वाव मिळवून दिला. तेथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचा तो थोर शल्याचार्य झाला. मात्र कोकेनच्या जागी मॉर्फिन आले, आणि ती सवय दीर्घकाळ टिकली. ऑस्लर या सहकाऱ्याने ते ज्या बंदिस्त वहीत लिहून ठेवले होते, ती 1969 मध्येच उघडली. मला वाटते, या मित्रांच्या मौनात दयाळूपणा पुरेपूर होता, देखरेख मात्र अपुरी होती.

पुढील पिढ्यांनी या दयेला देखरेखीची जोड दिली. 1935 मध्ये अमेरिकेत मद्यमुक्तीची जी परस्परसाहाय्याची चळवळ उभी राहिली, तिच्या दोन संस्थापकांपैकी एक शल्यवैद्यच होता. 1949 मध्ये वैद्यांच्या स्वतंत्र मेळाव्याला आरंभ झाला, आणि 1973 मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेने आजारी वैद्याचा प्रश्न उघडपणे मांडला. ब्रिटनमध्ये वैद्य व दंतवैद्य यांचे एकत्रित मंडळही स्थापन झाले. दयेला देखरेखीची जोड देणाऱ्या योजनांचे मर्म साधे आहे: तक्रार परवाना देणाऱ्या मंडळाकडे जाण्यापूर्वीच पीडित मनुष्य, अनेकदा त्याच्या पत्नीच्या वा सहकाऱ्याच्या आग्रहावरून, समव्यवसायी जाणकारासमोर मन मोकळे करतो, त्याचे नाव उगीच बाहेर जात नाही, पण उपचार व नियमित तपासणी त्याला चुकवता येत नाही, आणि रुग्णांच्या जिवाला धोका दिसेल तेथे गुप्ततेची मर्यादा संपते.

आपल्याकडे 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाच्या गुप्ततेला हक्काचा दर्जा दिला आहे. महाराष्ट्रातील दंतवैद्यांच्या संघटनांनी त्याच आधारावर आपल्या सभासदांसाठी अशी विश्वासाची व्यवस्था उभारावी, आणि तिच्या कारभारातून सनद काढून घेणाऱ्यांना दूर ठेवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.