तुंबाड : कथा आणि चित्रपट

राही अनिल बर्वे दिग्दर्शित हिंदी भयपट (2018). त्याच्या पहिल्या भागाचे मूळ नारायण धारप यांच्या ‘आजी’ या कथेत आहे आणि त्या कथेचे बीज स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’मध्ये. शीर्षक मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून आले. कथानकाचा तिच्याशी संबंध नाही.

किंगच्या कथेत थोरल्या भावाचा पाय मोडतो, आई दवाखान्यात धावते आणि अकरा वर्षांचा जॉर्ज अंथरुणाला खिळलेल्या आजीपाशी एकटा उरतो. चित्रपटात झाडावरून पडलेल्या सदाशिवला घेऊन आई निघते. मागे राहतात विनायक आणि साखळदंडाने बांधलेली म्हातारी. किंगकडे ‘हास्तुर’ या नावाचा धाक आहे, इथे ‘हस्तर’ या शापित देवाचे नाव कानी पडताच म्हातारी झोपी जाते. नावाचा हा धागा उघडच दिसतो.

खरा पालट पुढे होतो. किंगची भीती एका घरात, एका दुपारपुरती. बर्वे तिला 1918 ते 1947 पर्यंत ताणतात. वाडा, पाऊस, सोन्याच्या मुद्रा आणि हस्तरला भुलवायला नेलेल्या कणकेच्या बाहुल्या हे मूळ कथेच्या परिघाबाहेरचे. म्हातारी दुसऱ्या प्रकरणात संपते, मग पडदा व्यापतो तो विनायकचा हव्यास. सोहम शाहने रंगवलेला हा निगरगट्ट विनायक भुतापेक्षा जास्त लक्षात राहतो.

2024 च्या पुनःप्रदर्शनात चित्रपटाने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली.