मोटारसायकलची विद्युत् घटमाला

मोटारसायकलचे एंजिन सुरू करणे, ठिणगी पाडणे आणि दिवे, हॉर्न व दिशादर्शक यांना वीज पुरविणे यांसाठी वापरण्यात येणाऱ्या संचायक विद्युत् घटांच्या संचास मोटारसायकलची विद्युत् घटमाला किंवा बॅटरी म्हणतात. एंजिन चालू असताना जनित्रापासून मिळणारी वीज तीत रासायनिक ऊर्जेच्या रूपात साठते व गरजेनुसार परत मिळते. या कामी शिसे-अम्ल घटमाला दीर्घकाळ एकमेव पर्याय होती. एकविसाव्या शतकात लिथियम घटमाला तिच्या जोडीस आली आणि घटमाला बदलताना कोणती निवडावी, हा प्रश्न वाहनधारकांपुढे उभा राहिला.

शिसे-अम्ल घटमाला : गास्ताँ प्लांते या फ्रेंच भौतिकीविज्ञांनी १८५९ मध्ये पहिला शिसे-अम्ल संचायक घट तयार केला. कामीय फोर यांनी १८८१ मध्ये शिशाच्या पट्ट्यांवर शिशाच्या संयुगांचा लेप देण्याची पद्धत काढली. त्यामुळे घटाची क्षमता वाढली व तो कारखान्यात निर्माण करणे सोपे झाले. या घटात धनाग्र लेड डाय-ऑक्साइडाचे, ऋणाग्र सच्छिद्र शिशाचे व विद्युत् विच्छेद्य विरल गंधकाम्लाचे असते. एका घटाचा विद्युत् दाब सु. २ व्होल्ट असल्याने सहा घटांची एकसरी जोडणी केली म्हणजे १२ व्होल्टची घटमाला होते. घटमाला उतरलेल्या स्थितीत पडून राहिल्यास पट्ट्यांवर लेड सल्फेटाचे कठीण स्फटिक जमतात व तिची क्षमता कायमची घटते. जुन्या घटमालांतील पाणी भारणाच्या वेळी विघटन पावून कमी होत असे. म्हणून त्यांत वेळोवेळी ऊर्ध्वपातित पाणी घालावे लागे. काचतंतूंच्या आवरणात अम्ल शोषून ठेवणाऱ्या व झडपेने बंद केलेल्या घटमाला १९७० नंतर विकसित झाल्या. त्यांत निर्माण होणारा ऑक्सिजन ऋणाग्राशी पुन्हा संयोग पावतो. त्यामुळे पाणी घालावे लागत नाही व अम्ल सांडण्याचा धोकाही उरत नाही.

भारतातील वापर : मद्रास येथे १९५५ पासून एनफील्ड बुलेट व म्हैसूर येथे १९६१ पासून जावा या मोटारसायकली तयार होऊ लागल्या. त्या काळी ६ व्होल्टच्या घटमाला रूढ होत्या. घटमाला उतरली तरी गाडी पायाने किंवा ढकलून बहुधा सुरू करता येई. घटमालेचे स्थान अशा प्रकारे दुय्यम होते.

ही स्थिती क्रमाक्रमाने पालटली व या बदलात महाराष्ट्रातील उद्योगांचा वाटा मोठा आहे. शिसे-अम्ल घटमाला तयार करणारा मोठा कारखाना चिंचवड येथे १९६९ मध्ये सुरू झाला. १९८४ मध्ये बाजारात आलेल्या कायनेटिक होंडा स्कूटरमुळे कळ दाबून गाडी सुरू करण्याची सोय सर्वसामान्यांच्या परिचयाची झाली. पुण्याच्या बजाज ऑटोने २००१ मध्ये पल्सर मोटारसायकल आणली. तिच्या १८० घ. सेंमी. प्रकारास विद्युत् आरंभक होता. पुढे शासकीय नियमांनीही घटमालेवरील भार वाढविला. एंजिन चालू असताना पुढील दिवा सतत पेटता ठेवण्याची व्यवस्था नव्या दुचाकींना १ एप्रिल २०१७ पासून बंधनकारक झाली. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ या प्रदूषण मानकांमुळे बहुतेक मोटारसायकलींत कार्ब्युरेटरच्या जागी इलेक्ट्रॉनीय इंधन-अंतःक्षेपण आले. इंधन पंप व नियंत्रक यांना वीज लागत असल्याने, आणि अनेक गाड्यांतून पायाने सुरू करण्याचा दांडा गेल्याने, घटमाला निकामी होणे म्हणजे गाडी जागीच थांबणे असा अर्थ झाला.

लिथियम घटमाला : लिथियम हा सर्वांत हलका धातू आहे. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७० नंतरच्या दशकात लिथियमाचा पुनर्भारणक्षम घट तयार केला. जॉन गुडइनफ यांनी १९८० मध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइडाचे धनाग्र सुचविले आणि अकिरा योशिनो यांनी १९८५ मध्ये कार्बनाचे ऋणाग्र वापरून सुरक्षित घटाचा आराखडा सिद्ध केला. सोनी कंपनीने असे घट १९९१ मध्ये बाजारात आणले. या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

मोटारसायकलच्या दृष्टीने महत्त्वाचा टप्पा १९९७ चा होय. त्या वर्षी ए. के. पाधी, के. एस्. नंजुंडस्वामी व गुडइनफ यांनी लिथियम आयर्न फॉस्फेट या धनाग्र पदार्थाविषयीचे संशोधन प्रसिद्ध केले. या घटाचा विद्युत् दाब सु. ३·२ व्होल्ट असतो, म्हणून चार घटांची माला १२·८ व्होल्टची होते. ती पूर्ण भारित होण्यास सु. १४·४ व्होल्ट लागतात आणि मोटारसायकलचा नियंत्रक साधारणतः याच सुमारास दाब राखतो. कोबाल्टयुक्त घटांचा दाब सु. ३·७ व्होल्ट असल्याने तीन घट कमी पडतात व चार अधिक होतात. आकड्यांच्या या जुळणीमुळेच फॉस्फेट घटमाला जुन्या घटमालेच्या जागी थेट बसविता येते. शिवाय फॉस्फेटातील ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्याने तापल्यावर तो सहजी मुक्त होत नाही व आगीचा धोका कमी राहतो. २०१४ च्या डुकाटी ११९९ सुपरलेगेरा या वजनाने हलक्या मोटारसायकलीत लिथियम घटमाला मूळचीच होती.

निवडीचे निकष : १२ व्होल्ट व ९ अँपिअर-तास क्षमतेच्या शिसे-अम्ल घटमालेचे वजन सु. ३ किग्रॅ. असते. तेच काम करणारी लिथियम घटमाला १ किग्रॅ.च्या आसपास भरते. ती आपोआप फार मंद गतीने उतरते व तिचे आयुष्यही बहुधा अधिक असते. मात्र तिची किंमत अनेकदा दुप्पट किंवा त्याहून अधिक असते.

क्षमतेच्या आकड्याबाबत ग्राहकाची फसगत होण्याचा संभव असतो. लिथियम घटमालेवर पुष्कळदा ‘समतुल्य’ अँपिअर-तास छापलेले असतात. त्यांवरून एंजिन सुरू करण्याची शक्ती कळते, साठा कळत नाही. ९ समतुल्य अँपिअर-तासांच्या घटमालेत प्रत्यक्ष साठा सु. ३ अँपिअर-तास असू शकतो. उभ्या गाडीतील घड्याळ व चोरीसूचक यंत्रणा ५ मिलिअँपिअर प्रवाह घेत असतील, तर दररोज ०·१२ अँपिअर-तास खर्च होतात. या हिशेबाने ९ अँपिअर-तासांचा साठा ७५ दिवस, तर ३ अँपिअर-तासांचा २५ दिवस पुरतो. जुन्या गाडीचा नियंत्रक बिघडून दाब १५ व्होल्टच्या वर जात असल्यास लिथियम घटमालेस अपाय होतो. शिसे-अम्ल घटमालेचे स्फटिक काढण्यासाठी जास्त दाब देणारी भारण यंत्रेही तिला वर्ज्य आहेत.

हवामानाचाही विचार करावा लागतो. नाशिकचे तापमान एप्रिल-मे महिन्यांत ४०° से.पर्यंत जाते. उष्णतेने शिसे-अम्ल घटमालेचे आयुष्य झपाट्याने कमी होते. याच जिल्ह्यातील निफाड येथे काही हिवाळ्यांत पारा ५° से.च्या खाली उतरतो. थंडीत लिथियम घटमालेचा अंतर्गत रोध वाढून पहिल्या प्रयत्नास गाडी अडखळते. दिवा थोडा वेळ लावून ठेवल्यास घट उबदार होऊन ती पूर्ववत काम देते. शून्याखालील तापमानात मात्र तिचे भारण हानिकारक असते.

सुरक्षितता व विल्हेवाट : ९ एप्रिल २०२२ रोजी नाशिक येथे पाथर्डी फाट्याजवळ एका कंटेनरमधील ४० विद्युत् स्कूटरांपैकी २० जळाल्या. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर विद्युत् दुचाकींच्या घटमालांविषयीचे वाहन उद्योग मानक १५६ अधिक कडक करण्यात आले. वाहन चालविणाऱ्या मोठ्या घटमाला व केवळ एंजिन सुरू करणारी लहान फॉस्फेट घटमाला यांत ऊर्जेच्या साठ्याचा मोठा फरक आहे. तथापि घटांचा समतोल राखणारे व अतिभारण रोखणारे मंडल नसलेली स्वस्त लिथियम घटमाला टाळणेच इष्ट होय.

शिसे विषारी असून बालकांच्या मज्जासंस्थेस विशेष घातक आहे. मात्र ते जवळजवळ पूर्णपणे परत मिळविता येते. जुन्या घटमालेस मोडीची किंमत मिळते व विक्रेता ती परत घेतो. ही पद्धत २००१ च्या नियमांनी बंधनकारक केली. २०२२ च्या घटमाला कचरा व्यवस्थापन नियमांनी लिथियम घटमालांची जबाबदारीही उत्पादकांवर टाकली, तरी त्यांच्या पुनःप्राप्तीची व्यवस्था शिशाइतकी रुळलेली नाही.

सारांश, दररोज वापरात असलेल्या व वजनाचे महत्त्व नसलेल्या गाडीस बंदिस्त शिसे-अम्ल घटमाला अद्यापि किफायतशीर ठरते. वजन कमी करणे महत्त्वाचे असेल आणि नियंत्रक निर्दोष असेल, तर लिथियम घटमाला उपयुक्त होय. निवड कोणतीही असो, आधी गाडीच्या भारण मंडलाचा दाब मोजून पाहणे श्रेयस्कर; कारण ते सदोष असल्यास दोन्ही घटमाला अकाली निकामी होतात.